आज खिशात कोणता?

१४ एप्रिल १८६५च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांना गोळी लागली. त्या वेळी त्यांच्या खिशांत काय काय होते, ती यादी आजही वाचायला मिळते. दोन चष्मे, त्यातला एक दोऱ्याने बांधून कसाबसा चालवलेला. रुमाल. वर्तमानपत्रांची कात्रणे. चामड्याचे पाकीट आणि त्यात, कोण जाणे कशासाठी, बंडखोर दक्षिणेची पाच डॉलरची नोट. शिवाय एक घडीचा चाकू, हस्तिदंती मुठीचा, वर चांदीचे काम केलेला. घरच्यांनी या वस्तू सत्तर वर्षांहून अधिक काळ जपल्या. १९३७ मध्ये लिंकन यांच्या नातीकडून त्या काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे आल्या आणि १९७६ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे मांडल्या गेल्या. ग्रंथालयात लाखमोलाची हस्तलिखिते आहेत, पण येणारे लोक आवर्जून विचारतात ते या खिशातल्या चिजांबद्दल.

देशाचा अध्यक्ष बायकोबरोबर नाटकाला जातो आणि खिशात चाकू ठेवून जातो, याचे त्या काळी कोणालाच नवल वाटले नसते. नवल वाटले असते ते चाकू नसता तर. पिसाची लेखणी तासायची, शिसपेन्सिलीला टोक काढायचे, पत्राची लाख उचलायची, सफरचंद सोलायचे, तंबाखूची वडी कापायची, सुतळी तोडायची. दिवस उजाडला की चाकू लागायचा, म्हणून तो खिशात असायचा. आज यातले बहुतेक काम उरलेले नाही. तरीही जगभर हजारो माणसे सकाळी घराबाहेर पडताना किल्ल्या, पाकीट आणि फोनबरोबर एक चाकू खिशात टाकतात, तोही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटाचा. संध्याकाळी तो बाहेर काढून एकमेकांना दाखवतात आणि दिवसभरात त्याने काय केले ते सांगतात. या पुस्तकात त्यांचीच टिपणे आणि छायाचित्रे आहेत.

ती कामे वाचताना सुरुवातीला हसू येते. खोक्याची चिकटपट्टी कापली. सदऱ्याचा लोंबता दोरा तोडला. नातवाच्या पेन्सिलीला टोक करून दिले. टोमॅटोच्या रोपाला काठी बांधली. दुपारी बाकावर बसून एक नासपती कापून खाल्ली. असल्या कामासाठी ऐटबाज चाकू कशाला, ब्लेडचा तुकडा पुरे, असे कोणीही म्हणेल. मीही पहिली पन्नासेक पाने तशीच मनात कुरकुरत वाचली. मग लक्षात येऊ लागले की या लोकांना कामाचे महत्त्व सांगायचेच नाही. वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या एका वस्तूवर आज कोणती नवी खूण उमटली, एवढेच त्यांना नोंदवायचे आहे. संग्रह करणाऱ्या माणसाला वस्तू कोरी हवी असते. या मंडळींना ती झिजलेली हवी असते, आणि झीज विकत मिळत नाही.

‘पारंपरिक’ हे विशेषण या पुस्तकात वारंवार येते, तेव्हा ते कशाला लावले आहे ते सांगायला हवे. एका अंगठ्याने फटकन उघडणारे, खिशाच्या काठाला क्लिपने अडकवायचे, काळ्या प्लास्टिकच्या मुठीचे चाकू यात नाहीत. इथले चाकू दोन हातांनी, पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून उघडायचे असतात. मूठ हाडाची, शिंगाची, लाकडाची किंवा पितळेची. आणि मुख्य म्हणजे यातल्या बहुतेकांना कुलूप नसते. पाते उघडे राहते ते केवळ स्प्रिंगच्या दाबाने.

ही रचना जवळून पाहण्याजोगी आहे. मुठीच्या पाठीवरून पोलादाची एक लांबट पट्टी गेलेली असते, ती मध्यावर आणि मागच्या टोकाला पिनांनी पक्की केलेली. तिचे पुढचे टोक मात्र मोकळे असते आणि पात्याच्या बुडावर दाबून बसते. हे बूड गोल नसते, त्याला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पाते मिटलेले असताना एक सपाट बाजू पट्टीला टेकलेली असते, उघडले की दुसरी. मधल्या प्रवासात कोपरा पट्टीला वर उचलतो, बोटांना ताण जाणवतो, आणि कोपरा ओलांडला की पट्टी खटकन खाली बसते. काही चाकूंत बरोबर काटकोनात आणखी एक थांबा असतो, म्हणजे मिटताना पाते सरळ बोटांवर येत नाही, वाटेत एकदा अडते. चाकू उघडला की पट्टीची पाठ आणि पात्याची पाठ एका रेषेत आली पाहिजे. मिटलेल्या चाकूत पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. दोन पाती शेजारी शेजारी मिटत असतील तर ती एकमेकांना घासता कामा नयेत. हे सगळे जुळवायला कारागीर पट्टी आणि बूड केसाएवढे केसाएवढे कानशीत जातो. शौकीन मंडळी चाकू हातात घेतला की आधी धार पाहत नाहीत. तो उघडतात, मिटतात आणि आवाज ऐकतात.

कुलूप नाही म्हणजे एक पथ्य आले. पात्याच्या पाठीवर जोर पडला तर चाकू तुमच्याच बोटांवर मिटणार. म्हणून तो भोसकायला निरुपयोगी असतो आणि कापायला उत्तम, तोही धारेच्या दिशेनेच जोर लावून. ज्याला हे कळत नाही त्याला पहिल्या आठवड्यातच बोटाला पट्टी बांधावी लागते.

या स्प्रिंगच्या चाकूचे माहेर म्हणावे ते इंग्लंडमधले शेफील्ड. डोंगरातून येणारे ओढे पाणचक्क्या फिरवायला आणि त्यांवर धारेचे दगड. तिथे चाकू करणाऱ्यांचा संघ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला, आणि अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने त्याच परिसरात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद काढायची रीत बसवली. शेफील्डचा धंदा मोठ्या कारखान्यांइतकाच एका खोलीत बसून काम करणाऱ्या छोट्या कारागिरांवर चालला. त्यांना तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. कोणी फक्त पाती घडवी, कोणी फक्त धार लावी, कोणी जुळणी करी. एकच चाकू अनेक हातांतून, अनेक बोळांतून फिरून दुकानात येई. चाकू अथपासून इतिपर्यंत एकट्याने करणारे त्यांत थोडे. स्टॅन शॉ (१९२६-२०२१) हे त्यांच्यापैकी अलीकडचे सर्वांत मोठे नाव. पोरवयात कारखान्यात उमेदवार म्हणून शिरलेला हा माणूस म्हातारपणीही बाकावर बसून चाकू करत होता.

शेफील्डने तमाशेही कमी केले नाहीत. जोसेफ रॉजर्स आणि सन्स या पेढीने १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू केला. त्याच पेढीचा १८२२चा ‘इयर नाइफ’ तर वर्षाच्या आकड्याइतक्या पात्यांचा, म्हणजे अठराशेहून अधिक पाती चहूबाजूंनी उगारलेली. कारागिरी अफाट आहे यात शंका नाही. पण मला विचाराल तर ती जाहिरात होती. कारागिराची खरी परीक्षा खिशात आहे हे विसरायला लावणाऱ्या दोन पात्यांच्या पातळ चाकूत होते, आणि या पुस्तकातल्या लोकांचे मत तेच आहे.

एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने आणि १८९७च्या डिंग्ली कायद्याने अमेरिकेने आयातीवर जबर जकात बसवली आणि हा व्यापार कोसळला. शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनहून कारागीर तिकडे गेले, न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनिया राज्यांत कारखाने उभे राहिले. आज शौकिनांच्या तोंडी असलेली घाटांची नावे याच काळात रुळली. स्टॉकमन म्हणजे गुरे राखणाऱ्याचा तीन पात्यांचा चाकू: एक टोकदार, एक सरळ धारेचे आणि बोथट नाकाचे, तिसरे गोलसर टोकाचे. हे तिसरे जनावरांच्या खच्चीकरणासाठी असे, आतल्या मांसाला टोक लागू नये म्हणून गोल. आज शिकागोतला एखादा हिशेबनीस त्याच पात्याने पावाला लोणी लावतो आणि तसे प्रांजळपणे लिहितो. ट्रॅपर हा सापळे लावून फर जमवणाऱ्यांच्या नावाचा, दोन लांब पात्यांचा. बार्लो म्हणजे एका टोकाला पोलादाची लांब टोपी असलेला गरिबाचा दणकट चाकू. मार्क ट्वेनच्या १८७६च्या कादंबरीत टॉम सॉयरला बायबलमधली वचने पाठ करण्याच्या बदल्यात मिळतो तो हाच, साडेबारा सेंटांचा, आणि तो हाती येताच पोरगा हर्षाने वेडा होतो.

पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीच्या चाकूंवर जो आकडा असतो, तो वाचता आला की माणूस या मंडळींत सामील झाला असे समजतात. समजा, ६२५४. यातला ६ सांगतो की मूठ खाचा पाडलेल्या हाडाची आहे, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा ट्रॅपरचा घाट. १९७० पासून कंपनीने शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी करत नेला. त्यामुळे आजोबांच्या चाकूचे ठिपके मोजून तो कधीचा ते काढता येते. वरून पाहणाऱ्याला हे पोरखेळासारखे वाटेल. पण ज्याला वडिलांच्या कपाटात असा चाकू सापडला, त्याला ते साल कळणे ही लहान गोष्ट नसते.

कारखाने मात्र एकामागून एक बंद पडले. एलनव्हिलचा इंपीरियल श्रेड २००४ मध्ये, कॅमिलस २००७ मध्ये. याच पडझडीत, २००६ साली, टायटसव्हिल या गावात ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली. १८५९ मध्ये कर्नल ड्रेकने तेलाची विहीर खणली तेच हे गाव. नव्या कंपनीने जुन्या पद्धतीची यंत्रे आणि साधे, गंजणारे पोलाद पत्करले. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा, आणि तिचे चाकू बाजारात येताच संपतात.

गंजणारे पोलाद मुद्दाम का घ्यावे, हा प्रश्न या पुस्तकाच्या मधोमध आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. न गंजणाऱ्या पोलादाचा मानकरी हॅरी ब्रेअर्ली शेफील्डचाच, साल १९१३. त्यात क्रोमियम भरपूर असते, पृष्ठभागावर त्याचा अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि पाते चकचकीत राहते. साध्या कार्बन पोलादात क्रोमियम जवळजवळ नसते, कार्बन मात्र शेकडा एकच्या आसपास असतो. पाणी चढवल्यावर ते चांगले कडक होते, साध्या दगडावर पटकन धार घेते, पण हवा, घाम, फळ या सगळ्यांना ते प्रतिसाद देते. घरात लोखंडी पात्याची विळी असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कच्चे केळे किंवा कैरी चिरली की विळीचे पाते निळे-काळे होते, आणि एखादा दिवस ओली राहिली की तांबडी पडते. काळे पडणे वेगळे, तांबडे पडणे वेगळे. काळा थर हा दाट चिकटून बसणारा, पुढचा गंज थोडा रोखणारा. तांबडा गंज पोकळ, खवल्यांचा, आत खात जाणारा. या पुस्तकातले लोक काळ्याची वाट पाहतात आणि तांबड्याला घाबरतात.

एका छायाचित्रासमोर मी बराच वेळ थांबले. बोटभर लांबीचे पाते, नव्याने घेतल्यावर सहा महिन्यांनी टिपलेले. टोकाशी निळसर झाक, तिथे संत्रे सोलले गेले असणार. मध्ये राखाडी ढग. धारेलगत पोलादाची लख्ख रेघ, कारण दर आठवड्याला ती दगडावरून जाते. बुडाशी, नखाच्या खाचेभोवती, अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला: घामाचे मीठ आणि पोलाद. व्हिनेगरमध्ये बुडवून एका रात्रीत पाते काळे करणारेही आहेत, आणि बाकीचे त्यांच्याकडे जरा हिणवूनच पाहतात. मला ते हिणवणे रास्त वाटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा शौक करायचा तर मात्र रात्री पाते पुसून सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा लागेल. आणि कृपा करून असला चाकू सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला देऊ नये. विळी-कात्रीसाठी तो ठीक. पण कोरड्या फिरत्या दगडावर पातळ पाते तापते, पाणी उतरते आणि पोलाद मऊ पडते.

फ्रान्सची प्रकरणे वाचताना चव बदलते. तिथला ओपिनेल हा अमेरिकी चाकूच्या अगदी उलट: स्प्रिंग नाही, सजावट नाही, बीच लाकडाची गोल मूठ आणि तिला चीर. सव्हाय प्रांतातल्या जोझेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये केला, १८९७ पर्यंत १ ते १२ अशी मापे ठरली. १९०९ पासून पात्यावर मुकुट घातलेला हात आहे, आणि १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने फिरवून पाते अडकवायची कडी बसवली. म्हणजे कुलूप आलेच. नियमाला अपवाद करून मंडळींनी त्याला आत घेतले आहे, आणि तो आत नसता तर नियमच हास्यास्पद ठरला असता. पावसात मूठ फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. मग मुठीचे बूड टेबलावर आपटून पाते थोडे बाहेर आणायचे ही सव्हायची रीत. स्वस्तात स्वस्त चाकू आणि त्यावर सर्वांत प्रेमाने लिहिलेली टिपणे, असा योग या प्रकरणात जुळला आहे.

लाग्योलची कथा कडू आहे. आव्हेरॉनच्या पठारावरच्या त्या गावाचा चाकू १८२९ पासूनचा. बारीक कंबरेचा, स्प्रिंगवर माशी कोरलेला, १८८० पासून बूच काढायचा स्क्रू जोडलेला, कारण तिथली माणसे पॅरिसला जाऊन खानावळी आणि कॅफे चालवू लागली होती. पण काम हळूहळू तिएर शहराकडे गेले, गावाचे नाव कोणाच्या मालकीचे राहिले नाही आणि जगात कुठेही बनलेल्या चाकूवर ते छापले जाऊ लागले. १९८७ मध्ये गावात पुन्हा भट्टी पेटली; फिलिप स्टार्क यांनी आरेखलेल्या तिच्या इमारतीच्या छतातून १८ मीटरचे पाते आभाळात उभे आहे. नावावरची भांडणे त्यानंतरही कोर्टात चालली.

जपानच्या हिगोनोकामीला प्रकरण एकच दिले आहे, तेही छोटे. पितळेची किंवा पत्र्याची दुमडलेली मूठ, स्प्रिंग नाही, पात्याला मागे एक शेपटी, तिच्यावर अंगठा दाबून धरला की पाते उघडे राहते. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हा चाकू एकेकाळी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीसाठी असे. ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने तलवारीने हत्या केली. नंतर मुलांच्या हाती पाते नको अशी मोहीम उभी राहिली आणि दप्तरातला चाकू गेला. तलवारीचा दोष पेन्सिलीच्या चाकूला भोगावा लागला. मिकीत आज ते नाव लावून चाकू करणारे नागाओ घराणे तेवढे उरले आहे.

कायद्याचा मुद्दा संपादकांनी परिशिष्टात टाकला आहे. तो पुढे हवा होता, कारण या शौकाला आजचे रूप कायद्यानेही दिले आहे. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. मात्र पाते कुलपाने पक्के होत असेल तर ती सवलत लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे शेफील्डच्या जुन्या कारागिरांची रचना तिथे कायद्याच्या चौकटीत नेमकी बसते. २००१ नंतर विमानतळांनी सगळ्यांनाच नियम शिकवले. अमेरिकेने २०१३ मध्ये सहा सेंटिमीटरपर्यंतचे चाकू विमानात पुन्हा चालू देण्याचे जाहीर केले आणि तीन महिन्यांत निर्णय मागे घेतला. तपासणीच्या टोपलीत आजोबांचा चाकू सोडून यावे लागलेल्यांची टिपणे या पुस्तकात बरीच आहेत. रागाची कमी, स्वतःवर चडफडण्याची जास्त.

मराठी वाचकाची अडचण वेगळी. आपल्याकडे ‘खिशात चाकू’ म्हटले की हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो किंवा वर्तमानपत्राचे गुन्हेगारीचे पान. त्यामुळे हे पुस्तक हातात घेताना भुवया उंचावतील. पण कमरेला किंवा कनवटीला एक धारदार वस्तू रोज बाळगायची, ती चारचौघांत काढायची, तिचे कौतुक करून घ्यायचे, ही गोष्ट आपल्याला नवी कुठे आहे? अडकित्ता होता ना. कप्प्याकप्प्यांच्या चंचीत पान, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. ओसरीवर चार माणसे बसली की चंची सुटायची. अडकित्ता हातोहात फिरायचा, कोणाचा घोड्याच्या आकाराचा, कोणाचा मोराचा, कोणाचा राघू-मैनेचा, आणि कोण सुपारी किती बारीक कातरतो यावरही शेरे व्हायचे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा सुरेख संग्रह आहे. तो पाहताना एरवी लक्ष जाते ते नक्षीकडे. पुढच्या वेळी दांड्यांची आतली बाजू पाहावी. बोटांनी गुळगुळीत केलेले पितळ तिथे दिसेल. आणखी एक, चंची बायकांचीही असायची. या पुस्तकात बायकांची टिपणे फारच थोडी आहेत. एक कारण साधे आहे: बायकांच्या कपड्यांना खिसे देण्याची शिंप्यांना कधी निकड वाटली नाही. माझा सात नंबरचा ओपिनेल पर्सच्या तळाशी असतो आणि हवा तेव्हा सापडत नाही.

आपला आणखी एक धागा या चाकूंत आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. शेफील्ड, झोलिंगेन आणि अमेरिकेतल्या उत्तम चाकूंच्या मुठी ज्या शिंगाच्या असत ते पुष्कळदा हिंदुस्थानातल्या सांबराचे. सांबराचे शिंग इतर हरणांपेक्षा भरीव असते, आत भुसभुशीत गाभा कमी, म्हणून कापून चपटे केले तरी टिकते. सांबर दरवर्षी शिंगे गाळते, जंगलात ती वेचली जात आणि बोटीने जात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात थांबवली, कारण गळालेले शिंग आणि मारून काढलेले शिंग यांत गोदीवर फरक करता येत नाही. बंदी योग्यच होती. पुस्तकातल्या जुन्या चाकूंच्या छायाचित्रांत तपकिरी, खडबडीत सालीच्या मुठी दिसतील, त्या कधीकाळी आपल्या जंगलांत झाडांना घासल्या गेलेल्या असू शकतात.

या मंडळींचे सगळेच मला पटते असे नाही. मर्यादित संख्येचे चाकू निघताच दहा-दहा घेऊन दुसऱ्या दिवशी दुपटीने विकणारे यांच्यातही आहेत. खोक्यातून न काढलेल्या चाकूंची छायाचित्रे टाकून ‘आज हा बाळगला’ म्हणणारेही आहेत. संपादकांनी अशी टिपणे चाळणीने गाळली आहेत, तरी दोन-तीन निसटली. वाचकाला ती सहज ओळखू येतील, कारण त्यांत पोलादाचा क्रमांक असतो, किंमत असते, काम नसते. उलट भेटीचे चाकू पाहावेत. युरोप-अमेरिकेत चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याला एक नाणे द्यायचे, म्हणजे तो विकत घेतला असा हिशेब होतो आणि मैत्री कापली जात नाही. रिकामी कात्री वाजवली तर भांडण होते असे म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच समजले असते.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. पेन्सिल्व्हेनिया, यॉर्कशायर, सव्हाय, मिकी, सगळे आले, आणि महाराष्ट्रातले एकही टिपण नाही. संपादक म्हणतात, कोणी पाठवलेच नाही. पाठवणार कोण? कोकणात कमरेच्या आकडीला कोयती अडकवून माडाखाली उभ्या असलेल्या माणसाला आपली कोयती दाखवण्यासारखी आहे असे वाटतच नाही. ती कामाची आहे, संपले. दापोली-रत्नागिरीच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडाला जाऊन पाहावे. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेले, तांबूस पानांचे कोवळे रोप डाव्या हातात. कलम बांधणारा घडीचा चाकू उघडतो, शेंडा एका फटक्यात उडवतो, देठाला मधोमध उभी चीर देतो. मग हापूसची काडी घेऊन दोन्ही बाजूंनी एकेक कापात तिची पाचर करतो. काप एकदाच, दुसऱ्यांदा पाते फिरवले तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सांधा धरत नाही. पाचर चिरेत बसवून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली की रोप बाजूला, पुढचे हातात. हे दिवसभर. त्या चाकूचे पाते चिकाने काळे झालेले असते आणि दगडावर जाऊन जाऊन निम्मे झिजलेले. दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादकांनी कोणाच्या टिपणाची वाट न पाहता जूनमध्ये तिकडे जावे, कॅमेरा घेऊन.